सोलापुरात समुद्र, साइज दोन फूट

नळाला रोज पाणी येईलच याची गॅरंटी नाही, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडे धावतो आणि समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास. अशा गावात खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम? होतं बॉस! फक्त समुद्राच्या आधी सोलापूर समजून घ्यावं लागतं.

सकाळचे सात वाजायला आलेत. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरात शिरतेय आणि अख्खा डबा चादरींच्या घड्या घालण्यात बिझी आहे. मी मात्र रात्रभर मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसलोय. आत दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. प्रत्येकीत थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन आणि एकेक केशरी-पांढरा मासा. समोरच्या बर्थवरच्या काकूंना कुर्डुवाडीला राहवेना.

"केक आहे का हो त्यात?"

"नाही काकू, मासे आहेत."

"ताजे का?"

"जिवंत!"

काकूंनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. स्टेशनबाहेर मित्र बाईक घेऊन उभा होता. डब्यात डोकावून म्हणाला, "काय बे, आता समुद्र पाळायलास?"

तर मंडळी, ही गोष्ट त्या पाळलेल्या समुद्राची. विजापूर रोडवरच्या एका टू बीएचकेच्या हॉलमधला, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच समुद्र!

निमोचा किडा

हा किडा डोक्यात शिरला तो शाळेच्या सहलीत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं. आमच्या पिढीच्या मुंबई सहलीत गेट वे, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला हे तीन थांबे ठरलेलेच असायचे. 2015 साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा झळाळलं आणि पुढे करोनाच्या काळात त्याचे दरवाजे बंद झाले. 2003 मध्ये 'फाइंडिंग निमो' आला आणि उरलीसुरली कसर त्याने भरून काढली. तेव्हा घरी गोल काचेच्या भांड्यात एक गोल्डफिश होता. त्याच्याकडे बघून मी म्हणायचो, तू निमो नाहीस रे!

पुण्यात सात वर्षं नोकरी केली, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये शंभर किलोचा टँक ठेवायचं धाडस झालं नाही. सोलापूरला परतलो, स्वतःची भिंत मिळाली आणि त्याच महिन्यात काचवाल्याकडे माप देऊन आलो.

पहिला फंडा इथेच क्लिअर करू. नवशिक्याला वाटतं, छोटा टँक म्हणजे कमी कटकट. साफ चूक! पाणी जितकं कमी, तितक्या लवकर ते बिघडतं. टेबलावर ठेवायचा पंधरा लिटरचा गोंडस टँक हे पट्टीच्या लोकांचं काम. माझ्या टँकमध्ये दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण सत्तर लिटर पाणी बसतं. सुरुवातीला याहून लहान जाऊ नका. आणि टँक ठेवायची जागा नीट निवडा. पाणी, काच, दगड मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं, ते टीपॉयवर पेलत नाही.

आधी पाण्याचं बोला

सोलापूर हे आणलेल्या पाण्याचं गाव आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवून घेतलं, इंग्रजांच्या काळात हिप्परग्याचा एकरुख तलाव झाला, पुढे भीमेवर उजनी धरण उभं राहिलं आणि तिथून शंभरएक किलोमीटरवरून पाणी शहरात आलं. पाणी कधी येणार, किती वेळ येणार, किती भरून ठेवायचं याचं गणित इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या घरात मी सत्तर लिटरचा टँक आणला, तेव्हा शेजारच्या काकू जे बोलल्या ते लागलं. "इथं माणसांना पुरंना, आणि तू माशांना पाणी पाजायलास?"

मी त्या रात्री वहीत हिशोब मांडला. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे सात लिटर. उन्हाळ्यात वाफ होऊन रोज दीड लिटर उडतं, तेवढं भरायचं. महिन्याचे झाले पंच्याहत्तर लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार जार. ठीक आहे म्हणावं तर खरी गोम पुढेच आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी या टँकला चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, क्षार असतात, नायट्रेट-फॉस्फेट असतात, आणि त्यावर शेवाळ पोसतं. लागतं ते आरओचं पाणी, टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास. आणि एक लिटर आरओ पाण्यामागे घरगुती मशीन दोन-तीन लिटर सोडून देतं.

मग मी जार आणायचे बंद केले, छोटा आरओ घरीच बसवला आणि सोडलेलं पाणी पिंपात धरायला लागलो. फरशी, बाईक आणि टॉयलेट त्यावर निघतं. काकूंना पिंप दाखवलं. त्या "बरं" म्हणाल्या. सोलापुरात "बरं" म्हणजे निम्मी पसंती समजायची!

आता मीठ. नाही, आईच्या बरणीतलं नाही. खडेमीठ समुद्रातूनच येतं, मग काय बिघडलं, हा प्रश्न मलाही पडला होता. मिठागरात पाणी आटताना सोडियम क्लोराइड आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियमसारखी बरीच मंडळी वरच्या पाण्यात उरतात. ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्या हातात येतं ते समुद्रातलं एकच पात्र, नाटक सगळं मागेच राहतं. म्हणून अ‍ॅक्वेरियमसाठी बनवलेलं सी सॉल्ट घ्यायचं. लिटरला साधारण पस्तीस-छत्तीस ग्रॅम, बादलीत पंप लावून रात्रभर ढवळायचं आणि मग क्षारता मोजायची. घनता 1.025 आली की तुमच्या बादलीत समुद्र आला. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तरंगणारा स्वस्तातला काटा थापा मारतो.

आणि एक खास आपल्या घरांसाठी. आईने प्रेमाने तांब्याचा हंडा पुढे केला, "यात पाणी चांगलं राहतं." माणसांसाठी राहत असेल, पण पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना विषासारखं. माशांच्या बऱ्याच औषधांतही तांबं असतं. या टँकसाठी बादली वेगळी ठेवा, प्लॅस्टिकची, आणि तिला साबणही लावू नका.

दीड महिना नुसते दगड!

नोव्हेंबरात टँक भरला. तळाला पांढरी चुनखडीची वाळू, वर सच्छिद्र कृत्रिम दगड, एक फिल्टर, लाटा मारायला एक छोटा वेव्हमेकर आणि निळसर एलईडी. मित्र आले, बघून गेले. "मासे कुठायत बे?" दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर कॉफी सांडल्यासारखा तपकिरी थर चढला आणि मित्रांनी यायचंच बंद केलं.

मासे का नव्हते? मासा जे खातो-टाकतो त्यातून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया माशाला मारतो. दगडांच्या भोकांत राहणारे बॅक्टेरिया आधी अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यातल्या त्यात सौम्य, ते पाणी बदलताना बाहेर काढता येतं. पण ही बॅक्टेरियांची वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि टेस्ट किटच्या बाटल्यांमध्ये रंग बघत बसायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासा. तपकिरी थराचं टेन्शन नको, ती डायटम नावाची सूक्ष्म वनस्पती असते आणि बहुतेकदा आपसूक ओसरते.

नव्या टँकमध्ये मासे मरतात ते बहुतेक याच दीड महिन्याच्या घाईपायी. विकणारा "आजच टाका साहेब" म्हणेल. तुम्ही हसून घरी या.

संक्रांत आली, गड्ड्याची यात्रा भरली, नंदीध्वज निघाले आणि माझ्या बाटलीतला रंग एकदाचा स्वच्छ पिवळा आला. मी मुंबईची गाडी पकडली.

परत आल्यावर त्या पिशव्या थेट टँकमध्ये रिकाम्या केल्या नाहीत. पिशवीतलं पाणी आणि मासा एका डब्यात, आणि टँकचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब त्यात, तासभर. नव्या क्षारतेची सवय झाली की मासा हलक्या हाताने टँकमध्ये. पिशवीतलं पाणी मोरीत. दहा मिनिटांत दोघं दगडाआडून बाहेर आले. आई स्वयंपाक सोडून बघायला आली. त्या रात्री आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

कूलरचा फॉर्म्युला

फेब्रुवारी मजेत गेला. मार्चमध्ये सोलापूरने रंग दाखवायला सुरुवात केली.

या माशांना पंचवीस-सव्वीस अंश पाणी लागतं. आमचा हॉल एप्रिलच्या दुपारी पस्तिशी ओलांडतो. पाणी थंड करणारं चिलर मशीन मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मी आधी स्वतःच गार पडलो. मग उपाय सापडला तो आपल्याच खिडकीत. कूलर! कोरडी हवा पाण्यावरून गेली की पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे टँकच्या कडेला क्लिपने लावले, वारा पाण्यावर तिरका सोडला आणि दुपारभर खिडकीला पडदा. पाणी तीन-चार अंशांनी उतरलं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती निम्मीच चालते, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात झकास चालते. सोलापूरच्या हवेचं कौतुक करायची संधी रोज मिळत नाही, म्हणून सांगून ठेवतो. तरी एप्रिल-मेमध्ये रणरणत्या दुपारी पंख्याला थोडा वेळ एसीची जोड द्यावी लागते.

पण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं आणि टँक हळूहळू जास्त खारट होत जातो. म्हणून रोज भरायचं ते साधं आरओचं पाणी, मिठाचं नाही. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज चहाच्या वेळी रेघेपर्यंत भरा. कडेला पांढरे मिठाचे खडे जमतात, ते पुसायला आपला सोलापुरी टॉवेल आहेच.

ती मेची दुपार

एवढं सगळं येत होतं, तरी ते घडलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आई मावशीकडे गेली होती आणि मी ऑफिसात होतो. दुपारी बारानंतर आमच्या भागातली वीज गेली ती साडेपाचला आली. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर दिवे आणि छताचा पंखा होता. टँकची वायर त्यावर घ्यायची राहून गेली होती. मार्चपासून मी "या रविवारी करू" म्हणत होतो.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा वेव्हमेकर नुकताच परत फिरायला लागला होता. थर्मामीटरवर साडेएकतीस. लहान मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता. मोठा खाली, दगड आणि काचेच्या मध्ये.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. त्यात लाटा थांबल्या की वरची हवा पाण्यात मिसळणंच बंद होतं. पाच तास पुरले. मी कुणावर चिडणार? वीज कधी ना कधी जाणार, हे सोलापुरात जन्मलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागतं का? मी टँकची सगळी तयारी केली होती, गावाची केली नव्हती.

त्या रात्री वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतला. काम वीस मिनिटांचं होतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणला. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या कायमच्या ठेवल्या. पाणी तापलं तर एक बाटली तशीच बंद तरंगत सोडायची. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, क्षारता खाली येते. आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली. त्यांनीच मागितली खरं तर. "लाइट गेली की मी बघून येते, मला ते बटन दाखवून ठेव," म्हणाल्या.

खरा समुद्र बघून या

दुसरा मासा लगेच आणावासा वाटेना. हे जित्राब आपण इथे का आणलं, हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. डिसेंबरात चार दिवस सुटी टाकून मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करवतात. पाणी फोटोतल्या लक्षद्वीपसारखं काचेसारखं नसतं, जरा गढूळच असतं. पण डोकं खाली घातलं आणि दिसले ते दगडी प्रवाळ, आपल्या महाराष्ट्राचे! मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. हे आपल्याला शाळेत कुणी सांगतच नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाड नव्हे. ते प्राणी असतात आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना बरंचसं अन्न आणि रंग देतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाददोन अंशांनी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. 1998 साली हे जगभर झालं, 2024 साली पुन्हा झालं आणि त्यात आपलं लक्षद्वीपही होळपळलं. मला माझं साडेएकतीस आठवलं. माझ्याकडे फ्रीजरमधली बाटली तरी आहे.

म्हणून आता कामाची गोष्ट. भारतात सगळे दगडी प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घेतले गेले, म्हणजे वाघाच्याच यादीत. समुद्री पंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडेही त्याच यादीत गेले. परदेशात वाढवलेल्या प्रवाळांनाही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आणि नोंदणी लागते. "लोकल पीस आहे, चालतंय" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. किनाऱ्यावरून तुकडाही खिशात घालू नका. माझ्या टँकमध्ये दगडी प्रवाळ नाहीत. पण वर्षभरात कृत्रिम दगडांवर जांभळं-गुलाबी कोरलाइन शैवाल चढलंय आणि खेकड्या-गोगलगायींची छोटी गँग त्यावर फिरत असते. सुरुवातीला एवढं पुरतं. खरं सांगायचं तर नंतरही पुरतं.

आणि मासा? क्लाऊनफिशची पैदास आता टाकीत होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केलं आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी उभी राहिली. टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून ओरबाडलेला नसतो, शिवाय तो पेलेट खायला शिकलेला असतो. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, हॅचरीचा आहे का? माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी मी तो विचारला नव्हता.

निमोची आई

इकडे घरी वेगळंच नाटक चाललं होतं. उरलेला मासा लहान, म्हणजे नर होता. आई म्हणाली, "हा वाढायला लागलाय बघ. आणि अंगावर येतो, काच पुसताना बोटाला चावायला बघतो." मला वाटलं, आईचं काहीतरीच. मग वाचलं. क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच सुरुवात करतात. जोडीत जो सगळ्यात मोठा तो मादी. मादी गेली की उरलेला नर काही महिन्यांत मादी होतो, आणि पुन्हा नर होत नाही. पिक्चरमध्ये निमोच्या बाबांचं खरं तर काय व्हायला हवं होतं, ते आता कळलं ना?

पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा सिद्धेश्वरने आलो. मांडीवर थर्माकोलचा डबा, पण आत एकच पिशवी, हॅचरीतला छोटा नर. नव्या मॅडमनी त्याला दोन दिवस पळवलं आणि तिसऱ्या दिवशी दोघं एकाच दगडाखाली झोपले.

परवा संध्याकाळी लाइट गेली. मी ऑफिसातून फोन करेपर्यंत काकूंचाच मेसेज आला होता. "बटन चालू केलंय. दोघं बरे आहेत. येताना कडक भाकरी आण."

---

नवशिक्यांसाठी झटपट फंडे

टँक : निदान सत्तर-ऐंशी लिटर. वरून जाळी हवीच, मासे उड्या मारतात.

आकडे : तापमान 25-26 अंश, घनता 1.025, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया आणि नायट्राइट शून्य.

मासे : दोन फुटी टँकमध्ये क्लाऊनफिशची जोडी आणि फार तर एक छोटा गोबी. 'डोरी' म्हणजे ब्लू टँग बिलकुल नको, तिला पोहायला मोठा टँक लागतो.

खाणं : दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

लाइट : टायमर लावून आठ तास. जास्त ठेवलात तर शेवाळाची मेजवानी.

पाणी : रोज साधं आरओ रेघेपर्यंत, दर रविवारी दहा टक्के खारं पाणी नवीन. आरओने सोडलेलं पाणी पिंपात धरा. टँकमधून काढलेलं खारं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका.

सुरुवात कधी? : दिवाळीनंतर. म्हणजे उन्हाळा येईपर्यंत टँकही मुरतो आणि तुम्हीही.

वीज गेली तर? : आधी लाटा, मग थंडावा, लाइट सगळ्यात शेवटी. आणि किल्ली शेजारी!